बेचाळीसवर थांबलेला आकडा

अक्षताने लॅपटॉप रूपेशच्या टेबलावर ठेवला, त्यावर नीट गुंडाळलेला चार्जर ठेवला आणि म्हणाली, "थँक्यू रूपेश. तू नेहमी मदत केलीस." काहीतरी बोलायला हवं होतं. 'काळजी घे' किंवा 'भेटू परत' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "आणि माउस?" ती क्षणभर थांबली. "माउस माझा स्वतःचा होता," म्हणाली, पण लगेच पर्समधून तो काढून दाखवायला लागली, वायर सोडवत, झडती देत असल्यासारखी. "राहू दे, राहू दे," तो म्हणाला तोवर तो लाल माउस टेबलावर आला होता. तिने तो परत पर्समध्ये टाकला आणि ती गेली. काचेचं दार सावकाश मिटलं. रूपेश लॅपटॉपकडे बघत बसला. कामावरून काढलेल्या बाईने आपले आभार मानले होते. तिला कुणी काढलं हे तिला माहीत नव्हतं. सोनल मॅडमनी काढलं, एचआरने काढलं, हे तिला माहीत होतं. पण त्यांच्या हातात जे होतं ते कुणी दिलं, हे नव्हतं माहीत. आणि आपण तिच्याकडे माउस मागितला.

कुणी विचारलंही नव्हतं त्याला. मालाचे ट्रक बुक करणारी ती कंपनी. तुर्भ्याला गोदामांच्या मागच्या इमारतीत ऑफिस, निम्मी माणसं घरून काम करायची. दीडेक महिन्यापूर्वीच्या मीटिंगमध्ये मॅनेजर सोनल मॅडम नेहमीचंच बोलत होत्या. घरून काम करणाऱ्यांच्या नावापुढचा 'ऑनलाइन'चा हिरवा ठिपका दिवसभर पेटलेला असतो, पण खरं काम कोण करतं ते कळायला मार्ग नाही, माउस आपोआप हलवणारी खेळणी मिळतात म्हणे बाजारात. रूपेश कोपऱ्यात प्रोजेक्टरची वायर धरून उभा होता. सगळे लॅपटॉप त्याच्या ताब्यातले, पण त्याच्याकडे लोकांचं लक्ष जायचं ते काही बिघडलं तरच. चाललेल्या गोष्टीचं श्रेय मागायला तो कधी गेला नव्हता, आणि आपण गेलो नाही हे मनात कुठेतरी ठेवूनही होता. "मॅडम, ते कळू शकतं," तो म्हणाला. सगळ्या माना वळल्या. मग थांबणं जमलंच नाही. त्याने स्वतःची स्क्रीन भिंतीवर टाकली, कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली, आणि प्रत्येक लॅपटॉपच्या पोटातलं तापमान एकाखाली एक पडत गेलं. माउस हलवून प्रोसेसर तापत नाही, त्याने समजावलं. माणूस खरंच काम करतो तेव्हा मशीन गरम होतं. माउस हलवता येईल, हिरवा ठिपका लावता येईल, ही उष्णता खोटी नाही आणता येणार. महिनाभराचे आकडे काढले की चित्र स्पष्ट. बोलताना आपला आवाज वेगळाच लागलाय हे त्याला ऐकू येत होतं, आणि तो आवाज त्याला आवडला होता. सोनल मॅडम म्हणाल्या, "अरे, हे आधी का नाही सांगितलंस?" कुणीतरी हसत म्हणालं, "रूपेश तर डिटेक्टिव्ह निघाला." त्या संध्याकाळी घरी जाताना त्याने बायकोसाठी, मनस्वीसाठी, मिठाई घेतली होती. काही कारण नाही, सहज, असं तिला सांगितलं होतं.

महिन्याच्या शेवटी तीन मशीन थंड निघाली. गंगाराम, नदीम आणि अक्षता. पहिल्या दोघांना समज दिली गेली. अक्षताचे आकडे सगळ्यांत खाली होते, महिनाभर चाळिशीतच, आणि तिची कामंही उशिरा पूर्ण होत होती. दोन गोष्टी एकमेकींना बरोबर जुळल्या. जुळल्या हे बघून रूपेशला बरंच वाटलं होतं. आपली पद्धत बरोबर आहे याचा तो पुरावा होता. पुराव्याला नाव होतं, त्या नावाची बाई सीवूड्सला राहत होती, तिचा नवरा वर्षातले कितीतरी महिने जहाजावर असायचा, तिची मुलगी शाळेतून आली की फोनवर मागून "आई, खाऊ" असा आवाज यायचा, हे सगळं त्याला ठाऊक होतं. पण ते वेगळ्या कप्प्यात होतं.

परत आलेला लॅपटॉप पुसून दुसऱ्याला द्यायचा असेल तर रूपेश आधी त्याला मुद्दाम राबवून बघायचा. एक प्रोग्रॅम चालू करायचा, तो प्रोसेसरला जीव खाऊन पळायला लावतो. दुसऱ्या खिडकीत तापमान दर क्षणाला बदलत राहतं. पंखा ठीक असेल तर आकडा ऐंशीच्या आसपास चढून टिकतो, नसेल तर नव्वदीकडे धावतो. तिच्या खाजगी फाइली त्याने एका पेनड्राइव्हवर काढून ठेवल्या, मुलीचे फोटो वगैरे, आणि प्रोग्रॅम चालू केला. आकडा अडतीसवरून चाळीसवर गेला, बेचाळीसवर गेला आणि थांबला. त्याला वाटलं प्रोग्रॅम चालूच झाला नाही. बंद करून परत चालू केला. बेचाळीस. लॅपटॉपखाली हात घातला. दुपारी फरशीवर टेकवलेल्या तळव्याला लागतो तसा गारवा. मशीन आपली सगळी ताकद लावत होतं आणि गरम होत नव्हतं. मग त्याने प्रोसेसरचा वेग बघितला, आणि वेग बघताच त्याला आठवलं; म्हणजे आठवायच्या आधीच मान गरम झाली, कान गरम झाले.

उन्हाळ्यात तिचा फोन आला होता. लॅपटॉप फार तापतो रे, मांडीवर ठेवता येत नाही, मध्येच बंद पडतो. त्याने सांगितलं, ऑफिसला घेऊन ये, पंखा साफ करावा लागेल. ती म्हणाली, मुलीला सुट्टी आहे, कुणाकडे ठेवू, पुढच्या आठवड्यात आणू का? मग परत फोन. मग परत. कटकट मिटवायला त्याने घरबसल्या, इथूनच, तिच्या मशीनमध्ये शिरून प्रोसेसरचा वेग बांधून टाकला. स्कूलबसला वेगाची मर्यादा लावून ठेवतात, कितीही दाबलं तरी गाडी पुढे पळत नाही, तसा. एका ओळीचं काम. मशीन दर वेळी चालू होताना ती ओळ आपोआप चालावी अशीही सोय केली. पंखा साफ करायचा राहिला तो राहिलाच. "आता तापणार नाही," असं त्याने तिला सांगितलं, आणि खरंच तापलं नाही. नंतर ती एकदा म्हणाली होती, "रूपेश, तापायचं थांबलं बाबा, पण शीट उघडेपर्यंत माझा चहा होतो." तो हसला होता. फाइल मोठी असेल, म्हणाला होता. आता त्याने ती सोय जिथे लिहून ठेवली होती ती जागा उघडली. एक ओळ. खाली त्याच्याच सवयीची खूण, आर एम. रूपेश मढवी. त्याने प्रोग्रॅम बंद केला नाही. बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस असं दिसत राहिलं, आणि आता जर दारातून कुणी आत आलं तर त्याला हे कळेल, या एका भीतीने त्याने हात पुढे करून स्क्रीन मिटली. कुणाला काही कळण्यासारखं नव्हतं. काळ्या खिडकीतला एक आकडा. तरीही त्याने मिटली.

तो खाली उतरला. रस्त्याच्या दोन्ही कडांना ट्रक उभे होते, एकाच्या सावलीत ड्रायव्हर कांदा चिरत बसला होता. डिझेलचा आणि फोडणीचा वास. याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात त्याचे वडील मुकादम होते. गावची जमीन गेल्यावर मिळालेली नोकरी. पंढरी मुकादम सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी आत जायचे, प्रत्येक मशीनच्या अंगाला तळवा लावत शेवटपर्यंत चालत जायचे, आणि रात्रपाळीत कोण झोपलं ते सांगायचे. त्यांचा हात चुकत नाही अशी ख्याती होती. लहानपणी लग्नाच्या मांडवात रूपेशने बघितलं होतं, वडील ज्या घोळक्याकडे जायचे तिथलं बोलणं मंद व्हायचं, कुणीतरी "या, या मुकादम" म्हणायचं आणि मग सगळे आपापल्या ताटात बघत जेवायचे. वडिलांना ते जाणवत होतं की नाही, त्याला कधी कळलं नाही. त्याला मात्र घास गिळवत नसे. पुढे त्याने संगणकाचं शिक्षण घेतलं तेव्हा लोकांना वाटलं की स्कोप आहे म्हणून घेतलं. त्याला एका खोलीत एकट्याने बसून करता येणारं काम हवं होतं, एवढंच.

जुईनगरला घरी पोचला तेव्हा वडील बाल्कनीत बसले होते, शर्टाची वरची बटणं उघडी, खाली पार्किंगवर नजर. रूपेश बूट न काढताच त्यांच्याशेजारी जाऊन बसला. "बाबा, तुम्ही मशीनला हात लावून सांगायचात ना, कोण झोपलं ते."

"हां."

"कधी चुकलं का?"

म्हाताऱ्याने आपला तळवा उलटून बघितला. मग ते म्हणाले, "चुकला आसंल. पन कोन सांगाला आला नाय." आणि परत खाली बघायला लागले. आतून मनस्वीने चहा विचारला. रूपेश नको म्हणाला, मग हो म्हणाला, आणि चहा आल्यावर तो प्यायचं विसरला. रात्रभर त्याला अक्षताने पर्समधून माउस काढतानाची बोटं दिसत होती. वायर कशाततरी अडकली होती आणि ती घाईघाईने सोडवत होती.

दुसऱ्या दिवशी तो सोनल मॅडमच्या केबिनमध्ये गेला. मनात वाक्य तयार होतं, पण खुर्चीत बसल्यावर ते मोडलं आणि तो तापमान, वेग, पंखा असं उलटसुलट काहीतरी सांगत सुटला. मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या हुशार होत्या. त्याच्या आधी शेवटाला पोचल्या.

"म्हणजे तिचं मशीन तूच स्लो केलं होतंस."

"हो मॅडम."

"आणि मग तूच दाखवलंस की ती काम करत नाही."

"हो."

त्यांनी दाराकडे एक नजर टाकली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे अजून कुणाला बोललास?"

"नाही."

"नको बोलूस. बघ, निर्णय मी वर पाठवला होता. आता मी कुठल्या तोंडाने सांगू की आम्ही आकडे चुकीचे वाचले? पण तिचं नुकसान नाही होऊ द्यायचं. नवीन कंपनीतून चौकशीचा फोन आला तर एचआर चांगलंच सांगेल, मी बघते. रेकॉर्डवर कामात हयगय वगैरे काही राहणार नाही. तुझं नाव कुठेही येत नाही. ठीक आहे? टेन्शन घेऊ नकोस."

तो ठीक आहे म्हणाला, थँक्यू मॅडम म्हणाला. दार ओढून बाहेर आला आणि त्याच्या अंगातून काहीतरी हलकं होऊन गेलं, दुखरा दात निघाल्यावर जसं जिभेला वाटतं तसं. आपण सुटलो. जिना उतरता उतरता त्याला त्या हलकेपणाची किळस आली. तिची नोकरी गेलेलीच होती. आत जाऊन त्याने फक्त स्वतःचं नाव वाचवून आणलं होतं, आणि त्यासाठी मॅडमचे आभारही मानले होते.

पेनड्राइव्ह कुरिअरने पाठवता आला असता. तो स्वतः घेऊन गेला, शनिवारी सकाळी. सीवूड्सला मॉलच्या बाजूने वळून तिच्या सोसायटीत शिरताना वॉचमनने 'कुणाकडे जायचंय?' असं विचारल्यावर त्याला तिचं आडनाव पटकन आठवेना. तिने दार उघडलं, आणि तिचा चेहरा खरोखर उजळला. "अरे, तू कशाला त्रास घेतलास! ये ना." हॉलमध्ये डायनिंग टेबलाच्या एका टोकाला जुन्या जाड पुस्तकांची चळत होती, लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून रचलेली, आता वर काहीच नसलेली. शेजारी कागदांचा गठ्ठा. तिने ट्रकमध्ये खराब झालेल्या मालाच्या नुकसानभरपाईचे हिशोब हाताने करून ठेवलेले, खोडाखोडीसकट. तो बघतोय हे पाहून ती म्हणाली, "शीट इतकी रखडायची ना, की मी आधी कागदावर करून मग भरायचे. टाकून द्यायचेत." मुलगी आतून येऊन बघून गेली. पोहे आले. पोह्यांवर ओलं खोबरं होतं. घरी आलेल्या पाहुण्यासाठी घातलेलं.

"एचआरमधून फोन आला होता काल," ती म्हणाली. "रेकॉर्ड क्लिअर ठेवणार म्हणाले. तूच बोललास ना कुणाशी तरी? मला वाटलंच. ऑफिसात एवढा विचार करणारं दुसरं आहे कोण."

चमचा त्याच्या हातात होता. इथे गप्प बसलो तर हे पोहे खाऊन आपण चांगला माणूस म्हणून बाहेर पडू, हे त्याला लख्ख दिसलं, आणि आपण तसं करू शकतो हेही. त्याने बशी खाली ठेवली. "अक्षता, मी बोललो नाही. म्हणजे बोललो. पण ते सगळं माझ्यामुळेच झालं." आणि सांगितलं. या वेळी सरळ सांगता आलं. उन्हाळ्यातला तिचा फोन, ती एक ओळ, मीटिंगमधली भिंत, तीन नावं. ती ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचं पाहुणचाराचं हसू जायला विसरल्यासारखं तिथेच राहिलं होतं. मग गेलं.

"ते वेगाचं मला काय कळत नाही," ती शेवटी म्हणाली. "चुकून झालं असेल. पण रूपेश, तू माझ्याशी आठवड्यातून दोनदा तरी बोलायचास. मी काम करते की नाही हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

तिने बशी उचलली, त्यातले अर्धेच खाल्लेले पोहे बघितले, आणि ती बशी हातात धरूनच उभी राहिली. "आणि बाकीच्या दोघांचं काय? नदीम, गंगारामकाका. त्यांची मशीन का थंड होती?"

त्याने बघितलंच नव्हतं. एवढे दिवस तो स्वतःला पोखरत होता, झोपत नव्हता, जेवत नव्हता, आणि ते दोघे त्याच्या डोक्यात एकदाही आले नव्हते. लाज वाटण्यातही तो स्वतःपुरताच राहिला होता.

"मला नका परत बोलवू," ती दाराशी म्हणाली. "बोलावलं तरी येणार नाहीये. पण तिथे सगळ्यांना सांग. मी घरी बसून पगार घेत होते असंच वाटतंय त्यांना." तिने दार आपटलं नाही. नेहमीसारखं लावलं.

सोमवारी नदीम खालच्या टपरीवर भेटला, महाडकडचा, तिशीचा पोरगा, कानात कायम इअरफोनचं बोंडूक. रूपेशने विचारलं, मागच्या महिन्यात तुझा लॅपटॉप एवढा कमी का चालत होता? नदीमने कानातलं बोंडूक काढलं. त्याचा चेहरा एकदम सावध झाला, आणि ती सावधगिरी रूपेशने ओळखली, लहानपणच्या त्या लग्नाच्या मांडवातली होती. "भाई, समज मिळाली ना मला. आता परत काय?"

"परत काही नाही. मला खरंच विचारायचंय."

"घाटात रस्ता बंद होता ना महिनाभर. गाड्या अडकल्या सगळ्या. दिवसभर ड्रायव्हरांशी फोनवर. लॅपटॉप कोण उघडतो?" मग जरा थांबून, हळू आवाजात, "तवाच विचारायचं ना, यार." गंगारामकाकांना विचारायचं धाडस रूपेशला झालं नाही. जिने चढताना त्यांचं वय, त्यांचा जाड चष्मा, एका बोटाने टाइप करणं असं काय काय मनात येत राहिलं, आणि कदाचित ते खरंच काही करत नसतील, हेही आलं. आकड्यावरून यातलं काहीच कळत नव्हतं.

वर मीटिंग भरलेली होती. त्या दिवशी घरून काम करणाऱ्यांनाही ऑफिसला बोलावलं होतं. सोनल मॅडम म्हणाल्या, "रूपेश, या महिन्याचे आकडे लाव." त्याने काळी खिडकी भिंतीवर टाकली, ओळ टाइप केली. आकडे पडत गेले. पंचाहत्तर, एकोणऐंशी, ब्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर. एकही मशीन थंड नव्हतं. सकाळपासून रात्रीपर्यंत, जेवणाच्या वेळीसुद्धा, सगळी तापलेली. मॅडम खूश झाल्या. "बघा. लक्ष ठेवलं की फरक पडतो." कुणीच हसलं नाही. रूपेश त्या रांगेकडे बघत होता. इतकी सारखी उष्णता कामाची नसते. काम चढतं, उतरतं, चहाला थांबतं. त्याने टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांकडे बघितलं. ज्याच्याकडे बघावं तो आपल्या वहीत बघत होता. मग त्याला कळलं. सगळ्यांना माहीत होतं. अक्षता का गेली हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि ते रोज लॅपटॉप तापवत बसले होते, त्याच्यासाठी.

"मॅडम, हे काम नाहीये," तो म्हणाला. "हे घाबरलेत सगळे." सोनल मॅडमनी त्याच्याकडे रोखून बघितलं, मान किंचित हलवली, नको अशी. तो बोलत राहिला. आवाज चिरका लागत होता, मध्येच एक शब्द अडकला तो त्याने परत म्हटला. अक्षताचं मशीन मी बांधून ठेवलं होतं. ती काम करत होती. नदीम काम करत होता. मी कुणालाच विचारलं नाही. हे आकडे मी आजपासून काढणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला काढायचे असतील तर त्याने आधी त्या माणसाला फोन करावा. मॅडम कागद गोळा करत कोरड्या आवाजात म्हणाल्या, "तू माझ्या केबिनमध्ये ये नंतर." कुणी टाळी वाजवली नाही, कुणी "बरं केलंस" म्हणालं नाही. खुर्च्या सरकल्या. लोक त्याच्या बाजूने जाताना थोडं अंग चोरून गेले. नदीमही.

शेवटी गंगारामकाका उरले. त्यांनी चष्मा पुसला, घातला, बॅग उचलली. दारापर्यंत गेले आणि तिथून परत वळले. रूपेश वायर गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"रूपेश."

"बोला काका."

"माझ्या नातवानं एक कार्टून लावून दिलंय, दिवसभर चालूच असतं. आवाज बंद करता येत नाही मला." ते जरा घुटमळले. "आता बंद केलं तर चालेल ना?"

"हो काका," तो म्हणाला. "बंद करा."

"नक्की?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत तिथेच उभे राहिले.